तीन गाड्यांतील रेडिओ : प्रकल्प नोंदी, नागपूर

३ नोव्हेंबर २०१९, रविवार

भाच्याच्या पर्यटन व्यवसायात सध्या तीन गाड्या आहेत : एक जुनी डिझेल जीप, एक पेट्रोल व्हॅन आणि गेल्या वर्षी घेतलेली सात आसनी गाडी. या गाड्या नागपूरहून मनसर, देवलापार, खवासा या रस्त्याने पेंचच्या प्रवेशद्वारांपर्यंत जातात, आणि अर्धा रस्ता संपला की चालकाला बातम्या मिळत नाहीत व प्रवाशांना गाणी मिळत नाहीत, ही त्याची तक्रार आहे. अमेरिकेत राहणाऱ्या त्याच्या बहिणीच्या गाडीत उपग्रहावरून चालणारा रेडिओ आहे. "मामा, ताईच्या गाडीत दोन दिवस प्रवास केला तरी स्टेशन बदलावं लागत नाही, तोच संच तिकडून मागवू," असे त्याने सुचवले आणि बसवण्याचे काम माझ्यावर सोपवले.

तो संच येथे का चालणार नाही, हे त्याला आजच लिहून दिले, कारण पैसे पाठवून झाल्यावर समजावण्यात अर्थ नसतो. तिकडे एक्सएम ही सेवा २००१ मध्ये आणि सिरियस ही सेवा २००२ मध्ये सुरू झाली व २००८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्यांच्या उपग्रहांचे झोत उत्तर अमेरिकेवर रोखलेले असल्यामुळे नागपूरच्या आकाशात त्या संचाला ऐकण्यासारखे काहीच नाही. शिवाय ती सेवा २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते, आणि आपल्याकडे २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ हा पट्टा फोर-जी मोबाइल सेवेसाठी दिलेला आहे. म्हणजे छपरावर ठेवलेला तो चकतीसारखा अँटेना येथे उपग्रहाऐवजी जवळच्या मोबाइल टॉवरचेच संकेत गोळा करील, आणि ते त्या संचाला कळणार नाहीत.

६ नोव्हेंबर, बुधवार

भाच्याचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता : "मग आपल्याकडे वर्ल्डस्पेस होतं ना?" होते, तीही उपग्रहावरून चालणारी रेडिओ सेवाच होती, आणि आमच्याच घरच्या माळ्यावर तिचा संच अजून पडलेला आहे. एशियास्टार हा उपग्रह मार्च २००० मध्ये सोडला गेला व १०५ अंश पूर्व रेखांशावर उभा राहिला. तो १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून बोलत असे. नागपूरहून त्याची दिशा आग्नेयेकडे, उत्तरेपासून सुमारे १२७ अंशांवर, आणि क्षितिजापासूनची उंची सुमारे ५२ अंश येते. गच्चीवर अँटेनाची पाटी एकदा त्या कोनात टेकवली की गंधर्व वाहिनीवरचे शास्त्रीय संगीत दिवसभर स्वच्छ ऐकू येई, हे मला चांगले आठवते. मूळ कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि भारतातील सेवा ३१ डिसेंबर २००९ रोजी थांबली.

ती सेवा चालू राहिली असती तरी गाडीत ती सुखाने ऐकता आली असती, असे मला वाटत नाही. चालत्या गाडीत दर वळणाला दिशा बदलते आणि ५२ अंशांवरचा उपग्रह सेमिनरी हिल्सच्या झाडांआड किंवा वर्धा रोडवरील मेट्रोच्या पुलाखाली सहज झाकला जातो. म्हणूनच अमेरिकेत मोठ्या शहरांत जमिनीवर पूरक प्रक्षेपक उभे करावे लागले. भारतात तसे प्रक्षेपक कधी उभे राहिले नाहीत. डीडी फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्या येतात हे खरे, पण साठ सेंटिमीटरच्या डिशचा झोत जेमतेम तीन अंशांचा असतो. उभ्या गाडीजवळ ती मांडता येईल, धावत्या गाडीवर नाही. उपग्रहाचा विषय येथे संपवून, या रस्त्यावर प्रत्यक्ष काय ऐकू येते ते मोजायचे ठरवले.

१० नोव्हेंबर, रविवार

भाच्यासोबत जीपने खवाशापर्यंत जाऊन आलो. सोबत खिशातला साधा ट्रान्झिस्टर, मोबाइल आणि एक वही होती. जीपमधला स्टिरिओ मुद्दाम बंद ठेवला, कारण आज जीपची परीक्षा नव्हती, हवेतल्या संकेतांची होती. ट्रान्झिस्टरसाठी जागोजागी गाडी थांबवून, इंजिन बंद करून आणि खाली उतरून ऐकले.

१००.६ मेगाहर्ट्झवरील विविध भारती कामठी, कन्हान ओलांडून मनसरपर्यंत चांगली आली. पुढे ती चढावर येई आणि उतारावर जाई, आणि देवलापारच्या पलीकडे जंगलात ऐकण्याजोगी राहिली नाही. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे टेकडी आडवी आली की खेळ संपतो. संच महागाचा घेतल्याने यात फारसा फरक पडत नाही. मोबाइलवर आकाशवाणीचे ॲप शहरात आणि गावांजवळ उत्तम चालले, पण देवलापार ते खवासा या टप्प्यात नेटवर्क वारंवार गेले, आणि प्रत्येक वेळी ॲप पुन्हा जोडले जाईपर्यंत बातमीचा तुकडा निसटत राहिला.

मध्यम लहरींवर, म्हणजे एएम पट्ट्यावर, ५८५ किलोहर्ट्झचे आकाशवाणी नागपूर मात्र खवाशाच्या चौकातही तसेच ऐकू आले. तीनशे किलोवॉटचे प्रक्षेपण आहे आणि लहर ५१३ मीटर लांबीची आहे. अशी लहर जमिनीला धरून चालते आणि टेकड्यांची पर्वा करत नाही. आवाज दूरध्वनीसारखा अरुंद असतो, गाण्याची लज्जत त्यात नाही, पण प्रादेशिक बातम्या आणि हवामान यांसाठी तो पुरेसा आहे. येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ पासून नागपूरच्याच एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून १५६६ किलोहर्ट्झवर रात्रभर देशभर ऐकू येत असे आणि ती याच वर्षी जानेवारीत बंद करण्यात आली. रात्रीच्या चालकांसाठी तिच्यासारखी सोबत दुसरी नव्हती.

निर्णय : तिन्ही गाड्यांत मध्यम लहरी, एफएम आणि ब्लूटूथ असे तिन्ही मार्ग चालले पाहिजेत. तसे स्टिरिओ व्हॅनमध्ये आणि नव्या गाडीत आधीपासून आहेत. जीपसाठी एक घ्यावा लागेल. भाच्याचा प्रश्न होता की तिन्ही गाड्यांत रेडिओ असताना आतापर्यंत मध्यम लहरी ऐकू का येत नव्हत्या. पुढच्या नोंदी त्याच प्रश्नाच्या आहेत.

१७ नोव्हेंबर, रविवार. जीप

सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्लीतून साहित्य घेतले आणि जीप मिस्त्रींच्या शेडमध्ये उभी केली. स्टिरिओ निवडताना मी एकच अट ठेवली होती, की त्यात मध्यम लहरींचा पट्टा असावा. हल्ली पडदा मोठा आणि हा पट्टा गायब, असे संच दुकानात बरेच दिसतात, आणि विक्रेत्याला विचारले तर तो "आता एएम कोण ऐकतं साहेब" असे म्हणतो.

जोडणी नेहमीची आहे. पिवळी तार बॅटरीवरून थेट, लाल तार चावीनंतरच्या ॲसेसरी लाइनवरून, काळी तार बॉडी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या गाडीच्या पत्र्याला. पिवळ्या तारेवर बॅटरीजवळच दहा अँपियरचा फ्यूज घातला. स्टिरिओच्या मागे फ्यूज असतोच, पण तारेची साल मधेच कुठे पत्र्यावर घासली तर तो फ्यूज तिला वाचवू शकत नाही. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, तार नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडे) घातला आणि तारेला आत शिरण्यापूर्वी खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत आत न येता तिथेच गळून पडेल.

जुन्या अँटेनाचा पाया पुढच्या मडगार्डवर होता. त्याचा नट सोडवला तेव्हा वॉशरखालचा पत्रा तपकिरी भुकटी होऊन बोटांना लागला. अँटेनाच्या तारेची बाहेरची जाळी पायाजवळ पत्र्याला धरते आणि तोच तिचा अर्थ असतो. येथे जाळी गंजाला धरून होती, पत्र्याला नव्हे. मिस्त्रींनी तिथे पाहूनच निकाल दिला : "अर्थ बरोबर नसला तं रेडिओ कितीबी भारी घ्या साहेब, खरखरच करते." पत्रा चकाकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस लावले आणि नट आवळला.

स्टिरिओच्या काळ्या तारेची तपासणी ओहममध्ये न करता व्होल्टमध्ये केली. मीटरने थोडा प्रवाह सोडून मोजलेला ओहम चांगलाच दिसतो. खरा दोष भार पडल्यावर उघड होतो. आवाज मोठा करून काळी तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मोजले तेव्हा डॅशबोर्डच्या जुन्या स्क्रूवर ०.४ व्होल्ट आले. तार तिथून काढून बॉडीच्या जाड पत्र्यावर नव्या लगने (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीने) बसवली, तेव्हा ते ०.१ च्या खाली गेले. इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी जी बारीक शिट्टी स्पीकरमध्ये येत होती, ती याच बदलाने गेली. अल्टरनेटरसाठी फिल्टर आणून ठेवला होता, तो न वापरता परत केला.

५८५ किलोहर्ट्झ शेडच्या बाहेर स्वच्छ आले. डिझेल इंजिनाला ठिणगीचे प्लग नसतात, हा जीपचा मोठा फायदा आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार. व्हॅन

व्हॅनमध्ये स्टिरिओ होता, अँटेना होता, अर्थ ठीक होता, आणि तरीही मध्यम लहरींवर सगळीकडे सारखाच घोंगावणारा आवाज होता. असा आवाज बाहेरून येत नसतो, तो गाडीतच तयार होतो. तो शोधण्याची रीत सोपी आहे आणि तिला उपकरणाचा खर्च नाही. खिशातला ट्रान्झिस्टर ५८५ च्या थोडा बाजूला, रिकाम्या जागी लावायचा, आवाज वाढवायचा, आणि गाडीच्या आत हळूहळू फिरवायचा. ट्रान्झिस्टरमधील फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी जवळच्या तारेतला गोंगाट चटकन पकडते.

चावी फक्त ॲसेसरीवर ठेवली, म्हणजे इंजिन बंद. गोंगाट होता, त्यामुळे प्लगच्या ठिणग्यांचा प्रश्न सध्या बाजूला पडला. ट्रान्झिस्टर स्टिरिओजवळ नेला, आवाज मध्यम राहिला. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने वर, पुढच्या काचेकडे नेत गेलो तशी घोंगावणी वाढत गेली, आणि आरशामागे बसवलेल्या कॅमेऱ्याच्या वायरीपाशी तर दुसरे काही ऐकूच येईना. ही वायर सिगारेट लायटरच्या खाचेतील चार्जरमधून निघून थेट पुढच्या खांबाला बांधलेली होती, आणि त्याच खांबातून अँटेनाची केबलही उतरते. चार्जर काढून हातात घेतला आणि गाडीत शांतता पसरली. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करताना आतला स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडतो व मिटतो. स्वस्त चार्जरमध्ये त्याचा गोंगाट अडवणारी गुंडाळी वाचवलेली असते, आणि दीड हात लांब वायर त्या गोंगाटाचा अँटेना बनते.

यावर बाजारात चिमट्यासारखी फेराइटची डबी मिळते आणि ती वायरीवर चढवली की काम झाले असा समज आहे. एफएमच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा आहे. ५८५ किलोहर्ट्झवर मात्र एकदाच आरपार गेलेल्या वायरीवर अशा डबीचा परिणाम नगण्य असतो. फेराइटच्या कड्यावर वायरीचे वेढे घ्यावे लागतात, कारण इंडक्टन्स, म्हणजे गोंगाटाचा प्रवाह अडवण्याचा गुण, वेढ्यांच्या वर्गाने वाढतो : सात वेढे दिले तर सातपट नव्हे, एकोणपन्नास पट. कडे चार्जरच्या तोंडाशीच बसवले, कॅमेऱ्याची वायर अँटेनाच्या केबलपासून दूर, उजव्या खांबातून नेली, आणि चार्जर बदलून चांगल्या प्रतीचा घेतला. या तिन्हींपैकी वायर दूर नेण्याचा परिणाम सर्वांत मोठा होता आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

त्यानंतर इंजिन सुरू केले. आता टकटक ऐकू आली, गतीबरोबर वाढणारी, म्हणजे ठिणगीची. प्लगच्या वायरी जुन्या होत्या आणि त्या तशाही बदलायच्याच होत्या. रोधक प्रकारच्या नव्या वायरी घातल्यावर टकटक जवळपास गेली. छताच्या आत प्रवाशांसाठी लावलेली एलईडीची पट्टी सुरू केली की थोडी खरखर अजून येते. रात्री वाचायला दिवा लावणाऱ्याने त्या वेळी मध्यम लहरी ऐकू नयेत, एवढ्यावर भाच्याने ते मान्य केले आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज गाडीजवळ काम नव्हते. व्हॅनच्या अँटेनाची केबल थोडी आखूड पडते, म्हणून एका दुकानात जोडतुकडा मागितला तेव्हा संगणकाच्या जुन्या नेटवर्कची आरजी-५८ केबल पुढे आली. ती नाकारली. ५१३ मीटर लहरीच्या तुलनेत गाडीवरची पाऊण मीटरची काडी अत्यंत आखूड असते. तिच्याकडून येणारा संकेत काही पिकोफॅरडच्या धारित्रातून (विद्युतभार साठवण्याच्या अगदी छोट्या क्षमतेतून) येतो, आणि आरजी-५८ मध्ये मीटरला सुमारे शंभर पिकोफॅरड असतात, म्हणजे संकेताचा मोठा वाटा केबलच पिऊन टाकते. गाडीच्या अँटेनाची खास केबल आतून सैल आणि कमी धारित्राची असते ती यासाठीच. एफएमला मात्र हीच पाऊण मीटरची काडी नेमकी लागते, कारण १००.६ मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा तेवढाच येतो. म्हणून चुकीची केबल लावूनही एफएम उत्तम वाजते आणि दोष मध्यम लहरींच्या माथी मारला जातो.

१ डिसेंबर, रविवार. सात आसनी गाडी

या गाडीच्या छपरावर माशाच्या पंखासारखा आखूड अँटेना आहे. त्याच्या आत संकेत वाढवणारा छोटा प्रवर्धक असतो, आणि त्याला बारा व्होल्ट मिळाले नाहीत तर तो केवळ शोभेचा उरतो. मूळ संच हा दाब अँटेनाच्या केबलमधूनच पाठवत असे. नंतर बसवलेल्या मोठ्या पडद्याच्या स्टिरिओला ती सोय नाही. त्याच्याकडून निघालेली निळी तार डॅशबोर्डच्या मागे टेप गुंडाळून मोकळी सोडलेली आढळली. ज्याने तो स्टिरिओ बसवला त्याच्या हातात मोठा पडदा उजळला, गाणे वाजले आणि काम संपले.

केबल आणि स्टिरिओ यांच्यामध्ये दाब भरणारा अडॅप्टर लावून त्याला निळी तार जोडली. शहरातील सर्व एफएम स्टेशने, जी आधी घुसमटल्यासारखी येत होती, ती तत्काळ मोकळी झाली. मध्यम लहरी सुधारल्या, पण जीपच्या लांब काडीची बरोबरी त्या करत नाहीत आणि करणारही नाहीत. भाच्याने लांब काडी लावायला नकार दिला, पाहुण्यांच्या गाडीवर ती शोभत नाही असे त्याचे म्हणणे. गाडी त्याची आहे.

ब्लूटूथऐवजी चालक कधी कधी फोनला ऑक्स वायर लावतो आणि त्याच वेळी फोन चार्जही करतो. तेव्हा शिट्टी येते, कारण फोनचा अर्थ दोन वाटांनी स्टिरिओपर्यंत पोचतो. ऑक्स वायरीमध्ये लहान विलगक ट्रान्सफॉर्मर टाकून ठेवला, तो आवाज जाऊ देतो पण अर्थची ती वाट तोडतो.

५ डिसेंबर, गुरुवार

गाड्या बंद असताना बॅटरीतून किती प्रवाह वाहतो ते तपासले. जीप आणि व्हॅन वीस-तीस मिलिअँपियरच्या आत आहेत, स्टिरिओची आठवण आणि घड्याळ यांना तेवढे लागते. सात आसनी गाडीत मीटरने ०.३ अँपियर दाखवला. कारण स्पष्ट होते : स्टिरिओची लाल तारही पिवळीबरोबर थेट बॅटरीवर जोडलेली होती, त्यामुळे पडदा काळा झाला तरी आतला संगणक जागाच राहत असे. दिवसाला सात अँपियर-तास या हिशेबाने चाळीस अँपियर-तासांची बॅटरी आठवडाभरात आडवी होते, आणि पावसाळ्यात जंगलाची प्रवेशद्वारे बंद असताना ही गाडी तशी उभी असतेच. गेल्या दोन्ही बॅटऱ्या कशाने गेल्या, याचा उलगडा भाच्याला झाला. लाल तार ॲसेसरीवर घेतली.

८ डिसेंबर, रविवार

१६ तारखेपासून हिवाळी अधिवेशनासाठी दोन गाड्या बांधलेल्या असल्यामुळे तिन्ही गाड्यांची चाचणी आजच उरकली. त्या एकामागोमाग खवाशाकडे नेल्या आणि प्रत्येक चालकाला ठरलेल्या ठिकाणी ५८५ किलोहर्ट्झ, १००.६ मेगाहर्ट्झ व ॲप यांची स्थिती लिहायला सांगितले.

जीप सर्वांत चांगली ठरली. खवाशात इंजिन चालू असतानाही बातमीपत्राचा एक शब्द चुकला नाही. व्हॅन तिच्या मागोमाग. सात आसनी गाडीत देवलापारनंतर मध्यम लहरींवर पार्श्वभूमीला फुसफुस आली, तरी निवेदन समजत होते. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांकडून निघालेल्या उच्चदाब वाहिन्या रस्त्याला ओलांडतात तिथे तिन्ही गाड्यांत काही क्षण करकर आली, आणि रेल्वेच्या पुलाखाली आवाज बुडाला. या दोन्हींवर गाडीच्या बाजूने काही करता येत नाही.

भाच्याने परतताना जीपच्या चालकाला विचारले, "आता कसं वाटते?" त्याने उत्तर दिले, "बातम्या होते ना जी, पण गाणे फोनवरचेच बरे." हे मूल्यमापन मला मान्य आहे. त्याप्रमाणे चालकांसाठी सूचनापत्रक तयार केले : मनसरपर्यंत एफएम, पुढे बातम्यांच्या वेळेला ५८५, गाण्यांसाठी शहरातच फोनमध्ये उतरवून घेतलेला संग्रह ब्लूटूथवर, आणि जंगलाच्या प्रवेशद्वाराआधी सर्व बंद.

उरलेली कामे : व्हॅनच्या एलईडी पट्टीला वीज पुरवणारा संच बदलणे, तिच्या अँटेनासाठी योग्य केबलचा अखंड तुकडा मिळाल्यावर मधला जोड काढून टाकणे, जीपच्या अँटेनाच्या पायाचे ग्रीस जूनच्या आधी पुन्हा लावणे, आणि प्रत्येक गाडीच्या फ्यूज पेटीच्या झाकणाच्या आत नव्या फ्यूजची जागा व अँपियर मराठीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवणे. जीपची चिठ्ठी आजच चिकटवली.